पहिल्या व्हॉल्व्हची खरखर

त्या खरखरीनं लीलाधरच्या नाकी नऊ आणले होते. आवाज कसा, तर कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा. आधी एखाददुसरी, मग भराभर, आणि तेही नेमक्या शांत जागेत. गायिका श्वास घ्यायला थांबली, तबलजीनं हात उचलला, आता गिटारचा एकटा तुकडा येणार म्हणून लोकांनी कान टवकारले, की ही आलीच. पुढच्या रांगेतली माणसं आधी स्पीकरकडं बघायची आणि मग लीलाधरकडं. जणू तोच तोंडानं खरखर करतोय!

लीलाधर धुळ्याचा. दिवसभर तेलगिरणीत वजनकाट्यावर उभा राहायचा आणि सुटीच्या दिवशी, सणासुदीला जळगावच्या 'तापी तरंग' ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. साल अठ्ठ्याऐंशी. गिरणीत त्याला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, नुसतं "ए काटा" म्हणायचे. स्टेजवर मात्र माइकवरून त्याचं पूर्ण नाव घेतलं जायचं. माणूस एवढ्यावरही जगतो, आणि लीलाधर एवढ्यावरच जगत होता.

त्याचा ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता, मगननानांनी हातानं बांधलेला. मगननाना म्हणजे धुळ्यातले जुने रेडिओ मेकॅनिक. मोडीत निघालेल्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह, स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, सागवानी खोकं, असा त्यांनी तो जुळवला होता. बटन दाबलं की व्हॉल्व्हच्या पोटात लाल तार हळूहळू पेटायची आणि मग गिटारचा आवाज असा भरून यायचा, की ट्रान्झिस्टरची विकतची मशीनं त्याच्यापुढं पत्र्यावर पडलेल्या गारा वाटाव्यात. पाच-सहा वर्षं ॲम्प्लिफायरनं एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. एकदा त्याची वायर तुटली म्हणून तो नानांकडं गेला, नीट होऊन आला, आणि तेव्हापासून ही पीडा मागं लागली.

नरडाण्याच्या कार्यक्रमात पहिल्यांदा खरखर झाली. लीलाधरनं दुसऱ्याच दिवशी ॲम्प्लिफायर नानांच्या दुकानात टाकला आणि गिरणी गाठली. संध्याकाळी गेला तर काम तयार. एक कंडेन्सर फुगला होता, नानांनी बदलला होता. दुपारी दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांनी साक्ष दिली, की आवाज पूर्ण खुला करून ठेवला तरी स्पीकर गप्प होता. नानांनी खोकं फडक्यात बांधून हातात दिलं आणि अहिराणीतलं आपलं नेहमीचं वाक्य सांगितलं.

"पूजा व्हई गयी. आते चालू करू नको, भो. पह्यला आवाज मांडवमा."

नानांच्या दुकानाचा हा नियम गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. रेडिओ असो की लाउडस्पीकर, दुरुस्त झाला की त्याची पूजा व्हायची, आणि पूजेनंतर तो जिथं वाजवायचा असेल तिथंच पहिल्यांदा वाजवायचा. नाना म्हणजे वडीलधारे. त्यांचा शब्द कोण मोडणार? लीलाधरनं घरी आणून खोकं कोनाड्यात ठेवलं आणि बोट लावलं नाही.

पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. नाना म्हणाले, तिथल्या शेतातल्या मोटारींनी लाइन खराब केली असेल. तरी त्यांनी आवाजाचा कंट्रोल बदलला. दुकानात स्पीकर गप्प, मांडवात लाह्या. मग नाना म्हणाले, एसटीच्या धक्क्यांनी सोल्डरचे डाग सुटत असतील. त्यांनी सगळे जोड नव्यानं सोल्डर केले. लीलाधरनं कार्यक्रमाला जाताना खोकं मांडीवर घेतलं, खड्डा आला की स्वतः उचलला जायचा पण खोक्याला धक्का लागू द्यायचा नाही. शेजारचा म्हातारा म्हणाला, "अंडी शेतस का रे?" मांडवात पुन्हा लाह्या. मग नानांनी पहिला व्हॉल्व्हच बदलला. दुकानात गप्प, मांडवात लाह्या.

लीलाधरनं आपल्या बाजूनंही काही शिल्लक ठेवलं नव्हतं. गिटारची वायर बदलली, तिची पिन बदलली, गिटारच्या पोटात सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली. जेवताना ताटात भाकरीचा तुकडा तसाच राहायचा आणि हा मनात व्हॉल्व्ह मोजत बसायचा. बायको काही विचारायला गेली की खेकसायचा. ती बिचारी म्हणाली, "मी नही करत ना ती खरखर!" तेव्हा त्याला लाज वाटली, पण राग कमी झाला नाही. रोग असता तर औषध केलं असतं. हा रोग तर वैद्यासमोर बरा व्हायचा आणि घरी आला की उठून बसायचा. अशा दुखण्याचं माणसानं करायचं तरी काय?

शेवटी वरणगावला अब्रूचं खोबरं झालं. पटांगण भरलेलं, कार्यक्रम रंगलेला, आणि ऐन तुकड्यात अशी खरखर सुटली की मागून कुणीतरी ओरडलं, "भजी झाली का रे?" पटांगणभर हशा पिकला. लीलाधरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

ऑर्केस्ट्राचा मालक अभिमन तसा मऊ बोलणारा माणूस. त्यानं सामान आवरताना लीलाधरला बाजूला घेतलं.

"राग मानू नकोस, लीलाधर. यावलला केळीवाल्या व्यापाऱ्यांचा कार्यक्रम आहे. तिथं पुन्हा असं झालं तर मला निंबाला घ्यावं लागेल."

"निंबा तर कीबोर्ड वाजवतो."

"त्यात गिटारचाही आवाज आहे," अभिमन म्हणाला.

हे वाक्य लीलाधरच्या जिव्हारी लागलं. भुसावळचा निंबा गेल्या दोन कार्यक्रमांना नुसता येऊन बसत होता. स्वभावानं इतका गरीब, की लीलाधरची गिटार उचलून गाडीत ठेवायचा. वाईट असता तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. गिटारची जागा गेली, तर उरलं काय? "ए काटा."

दुसऱ्या दिवशी तो ॲम्प्लिफायर घेऊन नानांच्या दुकानात शिरला तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेलेली होती. दुकानात गिऱ्हाइकं बसली होती, त्याचंही त्याला भान राहिलं नाही. खोकं त्यानं टेबलावर आदळलं.

"नाना, तुमना हात गया आते. येत नही तर तसं सांगा ना! लोके मनावर हासतस!"

उभ्या धुळ्यात नानांना असं कुणी बोललं नव्हतं. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. एवढंच म्हणाले, "ठेव. दखस मी."

लीलाधरला वाटलं होतं नाना भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. तो तसाच गिरणीत गेला आणि दिवसभर चुकीची वजनं सांगत राहिला.

यावलच्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसला. नाना आले, कुलूप काढलं, खोकं अजून तसंच टेबलावर होतं.

"आज मी आठेच बससू," आत स्टूल ओढून घेत लीलाधर म्हणाला. "मना डोयासमोर करा बठ्ठं."

"बस ना. मी कोठे नही म्हनस?"

नानांनी मागची फळी काढली. ॲम्प्लिफायर चालू केला. तारा लाल झाल्या, आणि खरखर सुरू झाली. लीलाधर मोठ्या आशेनं पुढं सरकला. निदान आज वैद्यासमोर रोग्यानं नाडी तरी दिली! नानांनी शेवटच्या बाजूनं एकेक व्हॉल्व्ह उपटायला सुरुवात केली. मोठे काढले की सगळंच मुकं, ते बसवून पहिला काढला की मात्र खरखर पार नाहीशी. पहिला परत बसवला की आलीच.

"पह्यलाच शे," नाना म्हणाले. "पन व्हॉल्व्ह तर नवा शे."

मग त्यांनी बटन बंद केलं, पेट्रोलमध्ये बुडवलेला कापूस घेतला आणि पहिल्या व्हॉल्व्हचा बुडखा, त्याच्या पिना, खालचं सॉकेट सगळं चकचकीत पुसून काढलं. कापसावर लालसर डाग उतरला. लीलाधरनं विचारलं, हे काय?

"मागलं कुंकू. जुनावर नवं लावतस का कोनी?" नाना सहज म्हणाले आणि कापूस फेकला.

पेट्रोल वाळल्यावर त्यांनी पुन्हा चालू केलं. तारा तापल्या. दोघंही कान देऊन बसले. काही नाही. आवाज पूर्ण खुला केला, तरी बाहेरच्या सायकलींच्या घंट्याच काय त्या ऐकू येत होत्या. लीलाधरला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. अजून काही बदललं नाही, काही जोडलं नाही, आणि खरखर गेली! मग दुरुस्त काय करायचं? नानांनी आपल्या समाधानासाठी दोन डाग पुन्हा गरम केले, व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं टिचक्या मारल्या, खोकं हलवून पाहिलं. गप्प म्हणजे गप्प.

"दख, आते तू स्वतः दखी लिधं ना?" नाना म्हणाले.

त्यांनी बटन बंद केलं, हात धुतले आणि फळीवरची पितळी वाटी काढली. कुंकू पाण्यात कालवलं. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि करंगळीशेजारचं बोट वाटीत बुडवून पहिल्या व्हॉल्व्हच्या बुडख्याला चांगलं ठसठशीत बोट लावलं. ओलं कुंकू काचेवरून ओघळलं आणि पिनांच्या मधून खाली सॉकेटमध्ये उतरलं.

"पह्यला मान पह्यला व्हॉल्व्हना," असं म्हणून नानांनी फळी उचलली.

लीलाधर त्या ओघळाकडं बघत राहिला. मघाचा लालसर कापूस पायाशीच पडला होता. त्याच्या डोक्यात काहीतरी सणकन गेलं. त्यानं नानांचा हात धरला.

"नाना, चालू करा."

"आते नही. पूजा व्हई गयी."

"चालू करा म्हनस ना मी!"

"अरे, पह्यला आवाज मांडवमा..."

लीलाधरनं पुढचं ऐकलंच नाही. हात लांबवून त्यानं स्वतःच बटन दाबलं. नियम मोडला. तारा हळूहळू लाल झाल्या. थोडा वेळ शांतता, मग एक लाही फुटली. मग दुसरी. मग सगळी कढई.

नाना हातात फळी घेऊन उभे राहिले. त्यांनी बटन बंद केलं, कुंकू पुसलं, पेट्रोल फिरवलं, वाळू दिलं, चालू केलं. गप्प. त्यांनी पुन्हा वाटीत बोट बुडवलं, पुन्हा लावलं, पुन्हा चालू केलं. लाह्या. जाणत्या माणसाला दोनदा करून पाहिल्याशिवाय पटत नाही, आणि दोनदा केल्यावर नाकारता येत नाही. कुंकवाच्या थरातून, मग तो ओला असो की वाळलेला, एका पिनेची वीज दुसरीत झिरपत होती, एवढी साधी गोष्ट.

"आते समजनं," लीलाधर म्हणाला. "रोग बी तुमनाच, दवा बी तुमनीच!" इतके दिवस फुकट गेले, वरणगावला हसं झालं, नोकरीवर रजा पडली, आणि कारण काय, तर एक बोटभर कुंकू!

"आजलोंग रेडिओले कधी काही व्हयनं नही," नाना खाली बसत म्हणाले. "रेडिओले मी खोकालेच लावू. हाऊ मना हातना म्हनीसन..." ते थांबले. पहिल्यांदा ॲम्प्लिफायर बांधला तेव्हा त्यांनी पूजा खोक्याचीच केली होती. परत दुरुस्तीला आल्यावर मात्र आपल्या हातची वस्तू म्हणून कौतुकानं थेट व्हॉल्व्हला बोट लावलं होतं. आणि पहिला व्हॉल्व्ह म्हणजे सगळ्यांत तिखट कानाचा; त्याच्याजवळ मुंगी चालली तरी स्पीकर ओरडून सांगणार.

"जाऊ द्या. पुसा, नि असाच द्या माले. मनी गाडी शे."

नानांनी कुंकू पुसलं. फळी मात्र बसवेनात.

"असा नही देता येत."

"का पन?"

"पूजाबिगर नही देता येत, लीलाधर."

आता मात्र लीलाधरचं डोकं फिरलं. तो तावातावानं काही बोलणार, तेवढ्यात नानाच बोलू लागले, खाली मान घालून. त्यांचा धाकटा भाऊ देवचंद लाउडस्पीकर घेऊन लग्नांत जायचा. एकदा घाईघाईत पूजा न करताच नानांनी मशीन त्याच्या हातात दिलं, सोबत स्वतःही गेले. मांडवात देवचंदनं एका हातानं माइक धरला आणि दुसरा हात मशीनवर ठेवला. तो तसाच चिकटला. ओरडलाही नाही. बटन नानांपासून हातभर लांब होतं, आणि नाना जागचे हलले नाहीत. हलले तेव्हा उशीर झाला होता.

"नाना, ती तर अर्थिंग नसनार. पूजाना काय संबंध?"

"माले समजत नही का?" नाना एकदम वर बघून म्हणाले. "अर्थिंग नव्हती, वायर उघडी व्हती. माले बठ्ठं समजस. मी मेकॅनिक शे. पन हात आयकत नही ना, भो!"

ह्याच हाताला तो भर दुकानात काय बोलला होता, ते त्याला आठवलं. तरी एसटीची वेळ होत आली होती आणि यावल काही थांबणार नव्हतं.

"मंग खोकाले लावा, पह्यलासारखं," तो हळू म्हणाला.

नानांनी सागवानी खोक्याला कुंकू लावलं. मागं सरून पाहिलं. मान हलवली. "आते नही. आते माले समजनं ना, हाई नुसतं लाकूड शे. करंट का लाकूडमा ऱ्हास?" ज्या पूजेनं इतकी वर्षं मन राखलं, तिच्यावरचा विश्वासच मघाशी त्यांनी दोनदा करून पाहून मोडून टाकला होता. नानांनी फळी बसवली, स्क्रू आवळले, खुंटीवरची टोपी घातली आणि दुकानाला कुलूप लावलं.

"चाल. मी बी येस."

एसटीत दोघं खोकं मधे ठेवून बसले. अमळनेर गेलं, चोपडा गेलं, केळीचे मळे सुरू झाले. लीलाधरला माफी मागायची होती, पण ओठांवर शब्द येऊन परत जात होता.

यावलच्या मैदानात पोचले तेव्हा निंबाचा कीबोर्ड स्टेजवर मांडलेला होता, तोही लीलाधर उभा राहायचा त्याच जागी. अभिमननं नजर चुकवली. लीलाधरनं निमूटपणे बाजूला ॲम्प्लिफायर ठेवला आणि चालू केला. तारा लाल झाल्या. सगळा ताफा कान देऊन उभा राहिला. काहीच ऐकू येईना, तसा अभिमन वाकून स्पीकरला कान लावून म्हणाला, "चालू आहे ना रे?"

लीलाधरनं एक सूर छेडला. अभिमन दचकून मागं झाला. निंबानं हसत आपला कीबोर्ड दोन हात सरकवला आणि जागा करून दिली.

कार्यक्रम उभा राहिला. तिसऱ्या-चौथ्या गाण्यात तो तुकडा आला, ज्याच्यावर वरणगावला हसले होते. गायिका थांबली, तबला थांबला. गिटारचा सूर एकटाच मैदानावर गेला, आणि त्याच्या मागंपुढं काही नव्हतं. शिट्ट्या पडल्या. लीलाधरचं काळीज सुपाएवढं झालं. नानांनी ऐकलं असेल ना, म्हणून त्यानं वाजवता वाजवता बाजूला वळून पाहिलं.

नाना बाजूच्या पडद्याआड विजेच्या फळ्याजवळ एका कोरड्या पाटावर पाय ठेवून बसले होते. उजव्या हाताचं बोट मेन बटनावर होतं. नजर लीलाधरच्या हातांवर खिळली होती. त्यांना सूर ऐकूच येत नव्हता. ती बोटं तारांवर हलतात की चिकटतात, तेवढंच ते बघत होते. कपाळावरून घाम ओघळत होता, तोही पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. एवढे दिवस तो आपल्या जागेसाठी जळत होता, आणि हा माणूस ह्या क्षणी त्याच्या जिवासाठी मरत होता. त्यानं मान फिरवली आणि पुढचं सगळं नजर समोर ठेवून वाजवलं. पुन्हा बघायची हिंमत झाली नाही.

शेवटचं गाणं संपलं. अभिमननं येऊन पाठीवर थाप मारली. "जागा तुझीच, बाबा. निंबा राहील, पण तूही राहशील." लीलाधर गळ्यात गिटार घेऊन तसाच पडद्यामागं धावला.

"नाना! आयकं का? नाना, मना चुकनं त्या दिन..."

"पह्यले गिटार खाले ठेव," नाना म्हणाले. "मंग बोल."

लीलाधरनं गिटार गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवली आणि रिकामे हात पुढं करून दाखवले. नानांनी बटन बंद केलं. पण बोट काही त्यांना सरळ करता येईना. लीलाधर त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि ते आखडलेलं बोट दोन्ही हातांत धरून हळूहळू चोळत राहिला.